इथे आभार मानू नयेत

माझ्या दादाला जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं, आणि ज्या गोष्टीबद्दल नव्हतं तिच्याबद्दल तो जेवायच्या आत तयार करायचा. निवृत्त झाल्यापासून तर तोच त्याचा धंदा. चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं, तंत्रज्ञानाच्या बातम्यांची एक साइट उघडायची आणि बातमी दिसली की तिच्याखाली आपली पिंक टाकायची. नवा फोन आला की 'जुन्या बाळाला नवं झबलं'. एखाद्या कंपनीने काही फुकट जाहीर केलं की 'फुकट म्हणजे विकायला तुम्हीच आहात'. तिथे सगळे टोपणनावांनी वावरतात. दादाने नाव घेतलं होतं चिमटा. वहिनी म्हणायची, निदान नाव तरी ह्यांनी खरं सांगितलंय.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते. दुकानात माणसं किती गोड बोलतात ते रोज बघते, आणि तीच माणसं घरी जाऊन पडद्याआडून एकमेकांचे लचके कसे तोडतात ते दादाच्या खांद्यावरून वाचायचे. मी त्याला म्हणायचे, हा रिकामटेकड्यांचा बाजार आहे, तू त्यात कशाला? तो म्हणायचा, तुला नाही कळायचं. मला खरंच कळत नव्हतं, आणि अजूनही फारसं कळतं असं नाही.

पण दादा नुसता बोलघेवडा नव्हता. बेअरिंगच्या कारखान्यात त्याने सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली. पट्ट्यावरून माल यायचा, दादा तो उचलून बघायचा, खोट दिसली की तिथे लाल खडूची खूण करून बाजूला टाकायचा. चांगल्या मालाला खूण नाही. चांगला माल न बोलता पुढे जायचा. हीच रीत त्याने घरी आणली होती. वहिनीच्या हातचं तो मुकाट जेवला की समजायचं, उत्तम झालंय. मी पहिल्यांदा पगारातून त्याला शर्ट आणला तेव्हा तो शिवणी उलटसुलट करून बघत बसला, मग काही न बोलता घालून कामावर गेला. मी रडले होते. वहिनीने समजावलं, अगं, काही बोलले नाहीत म्हणजे पास झालीस.

आजार जिभेपासून सुरू झाला. आधी शब्द जड झाले, मग एकमेकांत अडकायला लागले. बातम्यांवरची मतं तो आम्हाला वाचून दाखवायचा तेव्हा ते जाणवायचं, तर आम्हाला वाटलं दातांचं काही असेल. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं की मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरतायत, यावर औषध नाही. आधी बोलणं जाईल, मग हात, मग गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र शेवटपर्यंत लखलखीत राहील. ही शेवटची बातमी त्यांनी दिलासा म्हणून दिली. मला तीच सगळ्यात भयंकर वाटली.

दादाने घरी येऊन कॉम्प्युटर उघडला आणि दोन दिवसांत 'स्वर' शोधून काढला. स्वर म्हणजे एक प्रोग्रॅम. आवाज शिल्लक आहे तोवर आपल्या रोजच्या वापरातली वाक्यं आपल्याच आवाजात भरून ठेवायची. आवाज गेला की पडद्यावर ती वाक्यं एकेक करून उजळत जातात, बारीक टक्-टक् वाजत राहतं, आणि हवं ते उजळलं की बटण दाबायचं. कॉम्प्युटर तुमच्या आवाजात ते म्हणतो. हातात एक बोट जरी हलत असलं तरी माणूस बोलू शकतो. भरलेलं नाही असं काही म्हणायचं असेल तर एकेक अक्षर निवडून लिहिता येतं, पण मग ते यंत्राच्या कोऱ्या आवाजात ऐकू येतं. दादाला तो आवाज सहन होत नसे. त्याच्या मते बँकेतला टोकन नंबर पुकारणारी बाई घरात शिरल्यासारखं वाटायचं.

हे सगळं फुकट होतं. ओपन सोर्स. दादाने मला त्याचा अर्थ समजावला, तेव्हा त्याची जीभ निम्मी उरली होती: प्रोग्रॅमचं आतलं लिखाण सगळ्यांना उघडं, कोणीही न्यावं, कोणीही दुरुस्त करावं. मी म्हटलं, म्हणजे चौकातला नळ. पाणी सगळे भरणार, वायसर कोण बदलणार? दादा म्हणाला, असतो एक वेडा. या नळावरच्या वेड्याने कासव असं नाव घेतलं होतं. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या वेळात, एकटाच तो हा प्रोग्रॅम चालवत होता. कुठे राहतो, खरं नाव काय, कोणाला ठाऊक नव्हतं.

आवाज भरायला दादा पुढच्या खोलीत बसला, वहिनी त्याच्यासमोर. एरवी आपण काय काय बोलतो ते आठवायचं आणि म्हणायचं. दादाची यादी ऐकून मला हसू आवरेना. 'पंखा कमी कर.' 'कुठे ठेवलास चष्मा?' 'जेवलास का?', मलाही तो पोरासारखं असंच विचारायचा. 'हे कोणी केलं?' 'मी सांगितलं होतं.' 'मी सांगितलं होतं' हे त्याने तीन तऱ्हांनी भरलं. वहिनी म्हणाली, एखादं गोड वाक्य घाला की. दादा म्हणाला, वापरात नाही ते कशाला भरू? खरंच होतं. आपल्याकडे घरात कोण कोणाचे आभार मानतं? मनात असतं ते आपण दुसऱ्याच कुठल्यातरी वाक्यात घालून देतो. तर आभाराचं वाक्य भरायचं कोणालाच सुचलं नाही. त्या पावसाळ्यानंतर दादाचा खरा आवाज बंद झाला.

स्वरच्या वेबसाइटवर तक्रारींचं एक पान होतं. वरच कासवाने नियम लिहिला होता: 'इथे फक्त दोष कळवा. इथे आभार मानू नयेत. त्याने पान भरतं आणि दोष हरवतात.' दादा हा नियम वाचून इतका खूश झाला की त्याने मला फोटो पाठवला. शेवटी एक शहाणा माणूस भेटला, असं खाली लिहिलं होतं.

आणि मग दादाने नियम पाळला. कसा पाळला म्हणता. रोज सकाळी त्या पानावर चिमट्याची तक्रार ठेवलेलीच. अमुक वाक्याचा शेवटचा स्वर तुटतो. तमुक बटण दोनदा दाबलं तर वाक्य तिसऱ्यांदा वाजतं. प्रत्येक तक्रार नेमकी, कुठे, कधी, काय केल्यावर, आणि शेवटी 'हे कसं नजरेतून सुटलं?'. कासव एका ओळीत उत्तर द्यायचा, 'बघतो', आणि दोन-चार दिवसांत ते दुरुस्त झालेलं असायचं. दुरुस्त झाल्यावर दादा काही लिहायचा नाही. चांगला माल पुढे. आपण आजारी आहोत हेही त्याने तिथे कधी सांगितलं नाही. आजाराचं भांडवल करून कोणाकडून काम करून घ्यायचं नाही, हा त्याचा ताठा. मी एकदा म्हटलं, अरे, धर्माच्या गाईचे दात किती मोजशील? त्याने सगळी वाक्यं चाळून बटण दाबलं: 'तुला नाही कळायचं.' हेही भरून ठेवलं होतं पठ्ठ्याने.

मग हात गेले. उजव्या हाताचा अंगठा तेवढा उरला. त्याच्याखाली मोठं बटण बांधलं, त्यावर दादा घरातल्या घरात बोलत राहिला, पण लांबलचक तक्रारी लिहिणं संपलं. वहिनी म्हणाली, मला सांगा, मी लिहिते. दादाने मान आडवी हलवली. स्वतः तपासून पाहता येत नाही त्या मालावर खूण करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. तक्रारी थांबल्या.

काही आठवड्यांनी बातमी आली, त्याच साइटवर. स्वर बंद. कासवाने निरोपाच्या चार ओळी लिहून सगळ्याला कुलूप घातलं होतं. आहे ते वापरता येईल, पण पुढे काही होणार नाही, आणि त्या पानावर कोणालाही काही लिहिता येणार नाही. चारपैकी शेवटच्या दोन ओळी मी तोंडपाठ केल्यात, इतक्या वेळा वाचल्या: 'इतकी वर्षं रोज सकाळी उठून आधी चिमटा काय म्हणतो ते पाहायचो. आता पुरे.'

खाली मतांचा पूर. एक म्हणाला, फुकट काम करणाऱ्यांचं असंच होतं. दुसरा म्हणाला, हे तर आता एआय पाच मिनिटांत करेल. तिसऱ्याने विचारलं, असला प्रोग्रॅम वापरतं तरी कोण. काहींनी नक्कल काढून पुढे चालवायचं ठरवलं, नाव काय ठेवायचं यावरून भांडले आणि विसरून गेले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हा चिमटा इथलाच. झालं, सापडला बकरा. दादाच्या जुन्या तक्रारी उकरून काढल्या, 'हे कसं नजरेतून सुटलं?' याच्या चित्रफिती केल्या, आणि ठरवून टाकलं की एका भल्या माणसाला याने छळून पळवून लावलं. एकाने लिहिलं, असल्या माणसांचं तोंडच कायमचं बंद केलं पाहिजे. त्याच्यावर शेकडो अंगठे.

मी दुकानातून थेट दादाकडे गेले. म्हटलं, मी लिहिते त्यांना. सांगते, तुमची इच्छा पूर्ण झाली म्हणावं. दादाने डोळे घट्ट मिटले. त्याचा अर्थ नाही असा होता. त्याला त्या मेल्यांचं काही वाटलंच नव्हतं. त्याला त्या दोन ओळी लागल्या होत्या. सगळी सकाळ खर्चून त्याने एकेक अक्षर निवडत एक वाक्य लिहिलं आणि यंत्राला ते बोलू न देता नुसतं पडद्यावर ठेवलं: 'ज्याला छळलं त्याच्या जिभेने बोलणार नाही.'

आणि त्याने बटण दाबायचं सोडलं.

दादाने एकदा ठरवलं की ठरवलं. वहिनीने विचारायचं, पाणी देऊ का, आणि डोळ्यांकडे बघायचं. अंगठा बटणावर तसाच, दाबायला सहज जमला असता. तो अंगठाही आता जाणार हे डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या. मूठभर दिवस बोलायचे उरलेले, आणि हा माणूस ते फुकट घालवत होता. वहिनी एरवी कणखर, पण एकदा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आवाज गेला तेव्हा नाही वाटलं गं मला. आत्ता वाटतंय हे गेले."

तेव्हा मी ठरवलं की कासवाला गाठायचं. दादाने त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय हा गुंता सुटणार नव्हता. आणि तो म्हणाला असता की होय, तुमच्या भावानेच मला पिळलं, तर? तेही डोक्यात होतं. पण नुसतं बसून राहणं मला जमत नाही.

स्वरच्या पानांवर शोधताना एका भाषांतर करणाऱ्या बाईंचं नाव सापडलं. त्यांनी कधीतरी कासवाला मदत केली होती. त्यांना मी सगळं लिहिलं, दादाचा नियम मोडून आजारासकट. त्या म्हणाल्या, पत्ता देणार नाही, पण त्याला विचारते. नंतर निरोप आला की चिमट्याकडून कोणी येणार असेल तर जेवणाच्या सुट्टीत या. सोबत एका लॉन्ड्रीचं ठिकाण होतं. आजाराचं तुम्हीच सांगा, असंही त्या बाईंनी लिहिलं होतं.

बसने अर्धा दिवस गेला. ती हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लॉन्ड्री होती. मागच्या दाराशी वाफेचा आणि साबणाचा वास, चाकांच्या गाड्यांवर चादरींचे ढीग. कासव तिथली यंत्रं सांभाळायचा. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता, जणू दोन शब्द ऐकून घ्यायच्या तयारीने.

मी कोण ते सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता.

"ते गेले कुठे?"

मी म्हटलं, कुठे म्हणजे?

"लिहायचे थांबले ना. मी वाट बघितली. दुसरं काहीतरी विकतचं घेतलं असेल, म्हटलं. घेऊ देत. पण निदान शेवटचं सांगून तरी जायचं."

मग मी त्याला सांगितलं. जीभ, हात, अंगठा, सगळं. सांगताना तो हळूहळू खाली सरकला आणि चादरींच्या रिकाम्या गाडीच्या काठावर बसला. बराच वेळ ओल्या बाह्या खाली ओढत राहिला. त्याने सांगितलं की स्वर त्याने आईसाठी सुरू केला होता. तिची वाचा गेली होती. पण तो बनेपर्यंत आई गेली, आणि नंतर सवयीने तो करत राहिला. त्यातून बोलणारं माणूस त्याने कधी पाहिलंच नव्हतं. लोक लिहायचे ते भिकार आहे, चालत नाही, एवढंच.

"तुमचे दादा एकटे असे होते की अक्षर न् अक्षर ऐकायचे," तो म्हणाला. "त्यांची तक्रार वाचली की वाटायचं, चला, कोणीतरी नीट वापरतंय. त्यांच्यासाठीच तर उठून बसायचो. ते थांबले, मग म्हटलं आता कोणासाठी?"

मला त्या माणसाच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. हे असं लिहायचं असतं का? दोन ओळींत काय लिहिलंस आणि काय म्हणायचं होतं तुला? आणि दादाच्याही. दोघांनी मिळून एक शब्द धड बोलायचा नाही असं ठरवल्यासारखं इतकी वर्षं काढली होती. मी घरी फोन लावला आणि वहिनीला म्हटलं, स्पीकरवर टाकून दादाच्या उशाशी ठेव. मग माझ्याकडचाही स्पीकर चालू करून फोन कासवाच्या हातात दिला.

त्याला आधी जमेना. घसा साफ केला, नमस्कार म्हणाला, थांबला. मग मला जे सांगितलं होतं तेच त्याने दादाला सांगितलं, थोडं अडखळत, मध्येच 'म्हणजे कसं' म्हणत. शेवटी म्हणाला, "तुमच्यामुळे सोडलं नाही हो. तुम्ही दिसेनासे झालात म्हणून सोडलं."

फोनवर नुसता आमच्या घराचा आवाज, पंख्याचा. कासवाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हातानेच थांब म्हटलं.

मग बारीक आवाज सुरू झाला. टक्. टक्. टक्.

"निवडतायत," कासव पुटपुटला. त्याने तो आवाज स्वतः बनवला होता, पण खऱ्या कोणाच्या हाताखाली तो चाललेला पहिल्यांदाच ऐकत होता. टक्-टक् चालूच राहिली. वाक्यामागून वाक्य उजळून पुढे जात असणार, पंखा, चष्मा, मी सांगितलं होतं, आणि दादा दाबत नव्हता. पूर्ण यादी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्याचं कासवाला कळलं, कारण तिथे टक् जरा खालच्या सुरात वाजते. तो म्हणाला, त्यांना हवं ते सापडत नाहीये. मला ठाऊक होतं त्यात काय नाही ते. लिहिलं असतं तर यंत्राच्या आवाजात म्हणता आलं असतं, पण या माणसाशी दादा त्या टोकनवाल्या बाईच्या आवाजात बोलणार नव्हता.

टक् थांबली.

"जेवलास का?" दादा म्हणाला.

दादाच्या आवाजात, कामावरून घरी आल्यावर तो मला विचारायचा तसं, थोडं दमलेलं, उत्तराची वाट बघणारं. कासवाने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. मग परत कानाला लावला.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

पुन्हा टक्-टक्. या वेळी तो फार फिरला नाही.

"जेवलास का?"

कासवाचा डबा भिंतीपाशी तसाच होता. त्याने तो उघडला, फोन मांडीवर ठेवला आणि पहिला घास तोंडात घातला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी चावत राहिला. मी बाजूला बघितलं. आत यंत्रं फिरत होती, कोणीतरी त्याला हाक मारत होतं, आणि फोनवर दादा वाट बघत होता.

"जेवतोय, दादा," तो म्हणाला.

त्यानंतर दादाने अंगठा जाईपर्यंत बटण सोडलं नाही. वहिनीशी बोलला, मला दोनदा 'मी सांगितलं होतं' म्हणाला. कासवाने कुलूप काढलं, आणि मधूनमधून विचारायचा की काही दोष आहे का. दादाला तपासता येत नव्हतं, तर तो काही कळवायचा नाही. मी कासवाला सांगितलं, गप्प आहे म्हणजे पास झालास. अंगठा गेला त्यानंतर महिनाभरात दादा गेला. आवाज गेल्यावर घराबाहेरच्या माणसाशी तो स्वतःच्या आवाजात बोलला ते तेवढंच.